लिंबोणीखालची चाकोरी

हिंगणवस्तीत मेंढीच्या वयावरून वाद होतो, जावयाच्या अकलेवरून होतो, पावसावरून तर रोजच होतो. जमिनीच्या पोटात काय आहे यावरून मात्र होत नाही. तिथे चतुराबाईला विचारायचं आणि गप्प बसायचं, अशी रीतच पडली आहे. बहात्तर वर्षांची ही धनगरीण अंगाने वाळलेली, जिभेने तिखट आणि कानाने थोडी कमी आहे. थोडी म्हणजे नको ते ऐकू येत नाही, इतपत.

तिची ही विद्या काही देवाने स्वप्नात येऊन दिलेली नाही. चाळीस वर्षं ती मेंढरांमागे फिरली. दिवाळी उरकली की अख्खी वस्ती घोड्यांवर बिऱ्हाड लादून आष्टी तालुका सोडायची आणि मृगाच्या तोंडावर परत यायची. रोज संध्याकाळी नवं शेत. लेंडीखत मिळावं म्हणून शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात, बदल्यात पायली-दोन पायली ज्वारी देतात. गडी मेंढरं वळवून आणेपर्यंत बायकांनी वाघूर लावायची, म्हणजे मेंढरं कोंडायचं जाळं ताणायचं. त्यासाठी लोखंडी मेखा जमिनीत ठोकायच्या. एका वाघुरीला वीस मेखा, रोज ठोकायच्या आणि सकाळी उपटायच्या. चाळीस वर्षांत किती झाल्या याचं गणित ज्याला हौस आहे त्याने घालावं. चतुराबाईला एवढंच ठाऊक की तिच्या उजव्या खांद्याने अर्ध्या महाराष्ट्राची जमीन ठोकून पाहिली आहे.

ठोकता ठोकता तिच्या हाताला एक गोष्ट कळली. मातीचे कण काही गवंड्याने रचलेल्या विटांसारखे नसतात, कसेही पडलेले असतात. म्हणून तर दाब पडला की ते सरकतात, आणि एकदा सरकले की दाब गेला तरी जागचे हलत नाहीत. नांगराने वरची वीतभर माती उलटली की तेवढीच सगळं विसरते. त्याखालची विसरत नाही. आणि ती शेवटचं ओझं ध्यानात ठेवत नाही, सगळ्यात जड ओझं ध्यानात ठेवते. पन्नास वर्षांपूर्वी जिथून भरली गाडी गेली तिथे आजही मेख ठोका, गाडीच्या वजनाइतका जोर लागेपर्यंत माती दाद देत नाही. त्याच्यावर जोर गेला की मग गपकन वाट देते. काळी जमीन त्या मानाने भोळी. उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आपणच आपल्याला उलटीपालटी करते आणि दहा-पंधरा वर्षांत सगळं विसरून मोकळी होते. आष्टीकडची आमची बरड जमीन मात्र डूख धरून बसते.

या विद्येवर वस्तीने बुजलेला आड शोधला, पुरलेली पाइपलाइन शोधली, एकदा तर चुलत्या-पुतण्यांचा बांधही शोधला. राहिली होती फक्त वाट.

हिंगणवस्ती म्हणजे बारा घरं. मोठा रस्ता तिथून पाऊण कोसावर. पूर्वी वस्तीपासून रस्त्यापर्यंत सरळ गाडीवाट होती. नकाशावर ती अजून तुटक रेघेने दाखवलेली आहे, पण हद्दीचे दगड कुणी कधी उपटले देव जाणे, त्यामुळे रेघ जमिनीवर नेमकी कुठे बसते ते कुणाला सांगता येईना. चौतीस वर्षांपूर्वी एका मृगात वस्ती मेंढरं घेऊन परतली तर गाडीवाट गायब. तिच्या जागी एकसलग नांगरलेलं रान, कुणाचं कुठे संपतं ते कळेना, आणि बाजूच्या अर्जुनरावांच्या वडिलांच्या शेताला बाभळीच्या काट्यांची नवी कोरी कुपाटी. काटे पाहिल्यावर आणखी काय पाहायचं? म्हाताऱ्याने वाट गिळली, असा निकाल वस्तीने त्याच दिवशी देऊन टाकला.

तेव्हापासून माणसं ओढ्यातून येतात-जातात. ओढ्याला पाणी आलं की चार महिने टेम्पो नाही, दुधाची गाडी नाही. गेल्या भादव्यात तर बजरंगची बायको संगीता साप चावून पडली. तिला बाजेवर घालून गुडघाभर चिखलातून नेताना दीड तास गेला. वाचली, पण डाव्या पायाची बोटं अजून बधिर आहेत. बजरंग हा चतुराबाईचा एकुलता एक मुलगा. त्या दिवशी त्याने चिखलाने भरल्या हातांनीच शपथ घेतली की ही वाट मोकळी केल्याशिवाय राहणार नाही. मग अर्ज, स्मरणपत्र, पुन्हा अर्ज, आष्टीच्या फेऱ्या. तहसिलातला शिपाईसुद्धा त्याला नावाने हाक मारू लागला, तेव्हा कुठे वैशाखात मंडळ अधिकारी जागा पाहायला येणार असं ठरलं. वस्तीच्या भाषेत सर्कलसाहेब.

वस्तीला आनंद झाला. चतुराबाईची झोप उडाली, कारण वाट कुठे आहे ते तिला चांगलं माहीत होतं. ती अर्जुनरावांच्या शेतात नव्हती. तिच्या स्वतःच्या शेतात होती, बजरंगच्या लिंबोण्यांखाली.

ती कशी, तेही सांगायला हवं. त्या वर्षी तिचा नवरा सिदू पाय मोडून घरी राहिला होता. अख्ख्या वस्तीत आठ महिने तो एकटाच. माणूस वाईट नव्हता. भित्रा होता, आणि दीड एकराचा धनी होता. कुणी पाहायला नाही म्हटल्यावर त्याने भाड्याचे बैल आणून वाट आपल्या रानात घालून टाकली. अधूनमधून त्या वाटेने जाणारे परगावचे लोक मग शेजारच्या ज्वारीतून जाऊ लागले, म्हणून अर्जुनरावांच्या वडिलांनी काटे लावले. माणसं परतल्यावर बोट काट्यांकडे गेलं आणि सिदूने ते जाऊ दिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

चतुराबाईलाही त्याने तेच सांगितलं आणि तिने ते मानलं. त्याच पावसाळ्यात एका संध्याकाळी तिने घरच्या रानात वाघूर लावायला घेतली. पहिल्या मेखा तीन-तीन ठोक्यांत गेल्या. सहावी वीतभर गेली आणि थांबली. अकरा ठोके घातले तेव्हा मेखेचं डोकं चेपलं. तीन हात सोडून पुढची ठोकली, तीही तशीच. मधली मात्र त्या मानाने सुखाने गेली. दोन कडक पट्टे आणि त्यांच्यात बैलगाडीच्या दोन चाकांइतकं अंतर. पोरसवदा सून असल्यापासून ती ज्या चाकोरीने चालली, ती तिच्या हातोड्याखाली येऊन उभी राहिली. तिने वर पाहिलं तर सिदू दारात काठीवर रेलून तिच्याकडेच बघत होता. तिने मेखा उपटल्या, वाघूर वीस पावलं अलीकडे घेतली आणि भाकरी थापायला गेली. त्या रात्री नाही आणि पुढच्या पंचवीस वर्षांतही नाही, दोघांपैकी एकानेही तो विषय काढला नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

सिदू होता तोवर त्याने त्या पट्ट्यात झाड लावू दिलं नाही. तो गेला आणि पुढच्याच वर्षी बजरंगने तिथे कागदी लिंबाच्या दोन ओळी धरल्या. बावीस झाडं. खड्डे घेताना पहारीने हाताला फोड आले तेव्हा तो म्हणाला की आये, हितं खाली कातळ हाय काय. ती म्हणाली, असंल. बाकीच्या झाडांच्या मानाने त्या दोन ओळी खुरटलेल्याच राहिल्या. चतुराबाई रोज सकाळी त्यांना दोन घागरी जास्त घालायची. सुनेला वाटायचं, म्हातारीची माया. मायाच होती ती, पण तिच्यात दुसरंही काही मिसळलेलं होतं. गेली दोन वर्षं त्या ओळींनाही बऱ्यापैकी लिंबं लागू लागली होती आणि बजरंग पोती भरून कडा गावच्या बाजारात नेत होता.

आता याच पोराने वाट शोधायचा अर्ज केला होता. चतुराबाईने दुखणं काढून पाहिलं. खांदा धरलाय, डोळ्यांना दिसत नाही, आजकालची यंत्रं असतात ती आणा, असं सगळं सांगून झालं. बजरंगने ऐकलं नाही. आणि गंमत म्हणजे अर्जुनरावांनीही ऐकलं नाही. साठीतला हा माणूस एकदा सरपंच होऊन गेलेला, बोलायला मोजका. तहसिलात सुनावणी झाली तेव्हा वकील न देता एकटाच आला आणि म्हणाला की चतुराबाई मेख ठोकून दावतील ती वाट, मी सही करतो. वीस वर्षं त्यांची मेंढरं आमच्या रानात बसली, एकदाही त्यांची मेख आमच्या पिकात पडली नाही. बजरंगने घरी येऊन हे हसत हसत सांगितलं, की पाखरू स्वतःहून जाळ्यात आलं. चतुराबाई ताट सारून उठली.

ठरल्या दिवशी सकाळी आठलाच सर्कलसाहेब मोटारसायकलवर आले. बरोबर नकाशा, पंचनाम्याचे कागद आणि एक टोकदार लोखंडी सळई. कुठल्याशा पाझर तलावाच्या भरावावर त्यांनी उमेदीची वर्षं काढली होती, त्यामुळे माती दाबाची आठवण ठेवते हे त्यांना पटवावं लागलं नाही. भराव दाबताना आम्ही हेच पाहायचो म्हणाले. वस्तीतली सगळी बांधावर जमली होती. त्यातली निम्मी तरणी पोरं ऊसतोडीला जाणारी, उरलेली पुण्याला गाड्या चालवणारी. मेंढी त्यांनी पाहिली ती आजोबांच्या गोष्टीत आणि जत्रेच्या ताटात.

नकाशाच्या अंदाजाने साहेबांनी अर्जुनरावांच्या शेताच्या कडेपासून सुरुवात केली. पहिल्या दोन ठिकाणी सळई सहज गेली. तिसऱ्या ठिकाणी, विहिरीशेजारच्या पडीक पट्ट्यात, खणकन थांबली. चौथ्यालाही, पाचव्यालाही. पट्टा चांगला बारा फूट रुंद आणि लांबलचक. साहेबांनी बजरंगकडे पाहिलं. बांधावर एकच गलका झाला. कुणीतरी शिट्टी वाजवली. एक पोरगा मोठ्याने म्हणाला की म्हाताऱ्यानं गिळलेली वाट अखेर त्याच्या पोटातनं निघाली बघा. सगळे हसले.

अर्जुनराव विहिरीच्या कठड्याला टेकून उभे होते. त्यांची मान फक्त खाली गेली, आणि त्यात राग नव्हता. चतुराबाईने ते पाहिलं. पट्टा कशाचा आहे हे तिला सळई थांबली तेव्हाच, नुसत्या आवाजावरून कळलं होतं. तिला आता एकच करायचं होतं, ते म्हणजे काहीच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. वस्तीला वाट मिळत होती, लिंबोण्या जागच्या जागी राहत होत्या, सिदू मेला तसाच मेलेला राहत होता. ऐकू न आल्यासारखं करायची तर तिला सवयच होती.

साहेब कठड्यावर कागद ठेवून लिहायला बसले. लिहिता लिहिता मोठ्याने वाचत होते, सदर वहिवाटीचा रस्ता अर्जुनराव यांचे वडील यांनी नांगरून बंद केला असे आढळून आले. चौतीस वर्षं चतुराबाईने हे वाक्य ओढ्यावर ऐकलं होतं, लग्नांत ऐकलं होतं, शिव्यांसकट ऐकलं होतं. बोललेलं वाऱ्यावर जातं, असं ती स्वतःला सांगत आली होती. आज ते शाईने लिहिलं जात होतं आणि खाली साक्षीदार म्हणून तिचा अंगठा उठणार होता. ती उठून साहेबांपाशी गेली.

"ही वाट न्हाई साहेब," ती म्हणाली. "ही मेंढरं हायती."

साहेबांना कळेना. तिने त्यांच्या हातातली सळई घेतली, मघाच्याच जागी टेकवली आणि वरून आपल्या पिशवीतल्या हातोड्याचे चार ठोके घातले. वीतभर कडक थर फुटला आणि सळई लोण्यात सुरी जावी तशी खाली गेली. तिने त्यांना समजावून सांगितलं, की परगावची मेंढरं अजून दरसाल या पडीक पट्ट्यात बसतात. मेंढरू हलकं, ते वरच्या वर दाबतं, खाली काही पोचत नाही. वाटेचं उलटं असतं. ती नांगरली म्हणून वर मऊ असते आणि खाली वाट अडवून बसते. शिवाय गाडीला चाकं दोन. हा सपाट पट्टा आहे, याला चाकोऱ्या कुठे आहेत?

गलका थांबला. बजरंग पुढे आला आणि आईच्या दंडाला धरून हलक्या आवाजात म्हणाला, की आये, मिळत्याय तर घिऊ दे की, कावून मोडता घालतीस. मग साहेबांनीच तो सरळ प्रश्न विचारला, की आजी, मग वाट कुठे आहे?

अजूनही तिला ठाऊक नाही म्हणता आलं असतं. पण तिने पिशवीतून आपली मेख काढली आणि बांध ओलांडून चालायला लागली. मागून सगळे. लिंबोण्यांच्या पहिल्या ओळीपाशी ती वाकली, आळ्याच्या बाहेर मेख धरली आणि ठोकायला लागली. वीतभर मेख भराभर गेली. मग थांबली. चार, पाच, सहा. आवाज बदललेला तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाने ऐकला, पुण्याच्या ड्रायव्हरांनीसुद्धा. नऊ, दहा, अकरा. दम लागला तेव्हा तिने हातोडा बजरंगपुढे धरला आणि दुसऱ्या ओळीकडे बोट दाखवलं. तो जागचा हलला नाही. मग तीच उठून गेली आणि तिथेही ठोकली. तीही अडली. मधल्या जागेत ठोकली, ती गेली. साहेबांनी टेप लावला. दोन कडक पट्ट्यांतलं अंतर गाडीच्या चाकांइतकं भरलं. त्यांनी ओळीने पुढे पन्नास फूट तपासलं, चाकोरी कुठेही सुटली नाही.

"वाट ही हाय," चतुराबाई म्हणाली. "माझ्या मालकानं मोडली. सिदूनं. अर्जुनरावांच्या बापानं न्हाई. तसं लिवा. आन् मला ही चौतीस सालं ठावं हाय, ते बी लिवा."

साहेबांनी मघाची ओळ खोडून पुन्हा लिहायला घेतलं. बांधावर कुणी कुणाकडे बघेना. ज्याने शिट्टी वाजवली होती तो चपलेच्या अंगठ्याने माती उकरत उभा राहिला. संगीता झाडाला धरून खाली बसली. बजरंगने आईकडे इतका वेळ पाहिलं की तिला वाटलं, आता हा काय वाटेल ते बोलेल आणि आपण ते ऐकून घेऊ.

तो एवढंच म्हणाला, "मी खड्डं घेत हुतो तवा तू हितंच हुतीस."

ती हो म्हणाली. दुसरं म्हणण्यासारखं काही नव्हतं. बजरंग वळला, घराकडे गेला आणि कुऱ्हाड घेऊन परत आला. साहेब म्हणाले की घाई नाही, आधी नोटीस निघेल, मुदत मिळेल. त्याने ऐकलं नाही. पहिल्या लिंबोणीच्या बुंध्याशी उभा राहिला, कुऱ्हाड उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. मग झाडाला लागलेली हिरवी-पिवळी लिंबं एकेक तोडून सदऱ्याच्या ओच्यात घ्यायला लागला. ते बघूनही चतुराबाईचे डोळे कोरडेच राहिले. हे होणार हे धरूनच ती चालत आली होती. पोराचा राग, वस्तीच्या नजरा, सिदूच्या नावाला लागणारा बट्टा, सगळ्याची तिने रात्रभर तयारी केली होती.

राहिले होते अर्जुनराव. ते बांधावरून खाली उतरून तिच्यापाशी आले. आता हा मोठ्या घरचा माणूस भरल्या वस्तीत आपला पाणउतारा करणार, आणि तो त्याचा हक्कच आहे, असं तिच्या मनात आलं. तिने पदर सारखा करून मान खाली घातली.

अर्जुनराव तिच्यासमोर मातीतच बसले. त्या मेखेच्या चेपलेल्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला. मग म्हणाले, "चतुराबाई, बाप मरस्तोवर सांगत हुता की मी वाट मोडली न्हाई. रोज सांगायचा. शेवटाला तर माझा हात धरून सांगितलं."

खांद्यावरचं उपरणं त्यांनी ओढून हातात घेतलं.

"मी बी त्याचं खरं मानलं न्हाई," अर्जुनराव म्हणाले.

साठीचा माणूस तोंडाला उपरणं लावून लहान पोरासारखा रडायला लागला. वस्तीची वाट आपण इतकी वर्षं दाबून ठेवली, एवढाच गुन्हा चतुराबाईने स्वतःच्या नावावर मांडला होता. हा दुसरा, बाप-लेकांमधला, तिच्या स्वप्नातही नव्हता. तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवायला उचलला, पण तो ठेवायचा आपल्याला काय अधिकार, असं वाटून मागे घेतला. शेवटी तीही त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली. साहेब कागद घेऊन अंगठ्यासाठी थांबले होते. त्यांना तिने हातानेच जरा दम धरा म्हणून खुणावलं, आणि अर्जुनरावांचं रडणं संपेपर्यंत तशीच बसून राहिली.